देव माणसाचं मन कठीण करतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर बुधवारी संध्याकाळी आमच्या पडवीत दहा-बारा जण बायबल वाचायला जमतात. वेंगुर्ल्याच्या आसपासचे, काही कॅथलिक, काही प्रोटेस्टंट, आणि शेजारच्या दोघी, ज्या ख्रिस्ती नाहीत पण एक बुधवार चुकवत नाहीत. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपासकाळात, निर्गम हे बायबलमधलं दुसरं पुस्तक वाचायला घेतलं की दर वर्षी तेच प्रश्न येतात. काही समोर, काही रात्री उशिरा व्हॉट्सअ‍ॅपवर, ‘सगळ्यांसमोर विचारलं नाही’ असं लिहून. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. उत्तरं माझ्या समजुतीप्रमाणे आहेत. जिथे निरनिराळ्या चर्चच्या मंडळ्यांमध्ये मतभेद आहेत तिथे तसं सांगितलं आहे.

१. ‘मन कठीण होणं’ म्हणजे नेमकं काय? निर्दय होणं का?

दगडाचं काळीज म्हटलं की आपल्याला दयामाया नसलेला माणूस आठवतो. बायबलचा रोख थोडा वेगळा आहे. हिब्रू भाषेत हृदयाला ‘लेव’ म्हणतात, आणि या हृदयात माणूस नुसता हळवा होत नाही. तो विचार करतो, ठरवतो, हट्ट धरतो. त्यामुळे मराठीत ‘हृदय’ऐवजी ‘मन’ म्हटलं जातं ते योग्यच आहे. कठीण मन म्हणजे ज्याला ऐकू येतं, पुष्कळदा पटतंही, पण जे जागचं हलत नाही असं मन.

निर्गममधल्या फारोच्या, म्हणजे इजिप्तच्या राजाच्या, गोष्टीत यासाठी तीन वेगवेगळी क्रियापदं आहेत. मराठीत वाचताना हा फरक सहसा लक्षात येत नाही. ‘हाझक’ म्हणजे घट्ट, बळकट होणं. ‘काशा’ म्हणजे ताठर होणं. आणि ‘कावेद’ म्हणजे जड होणं. हे तिसरं मला सर्वांत बोलकं वाटतं. प्राचीन इजिप्तमध्ये अशी श्रद्धा होती की मेल्यावर माणसाचं हृदय तराजूत घालतात आणि दुसऱ्या पारड्यात मात या सत्याच्या देवतेचं पीस असतं. हृदय पिसापेक्षा जड भरलं तर माणूस दोषी. त्या देशाच्या राजाबद्दल ‘त्याचं मन जड झालं’ असं लिहिणं म्हणजे त्याच्याच तराजूत त्याचा निकाल लावणं. शिवाय याच धातूवरून हिब्रूत ‘गौरव’ हा शब्द येतो. चौदाव्या अध्यायात देव म्हणतो की फारोकडून मी माझं गौरव करून घेईन, तेव्हा मूळ वाचणाऱ्याला त्यात ‘जड’ ऐकू येतंच.

आपल्या भाषेतही या अवस्थेसाठी शब्दांची वाण नाही. भेंडी वेळेवर तोडली नाही की निबर होते. सतत बोलणी खाऊन पोर कोडगं होतं. एकदा खपून गेलं म्हणून दुसऱ्यांदा करणारा माणूस निर्ढावतो. बायबलच्या अर्थाला मला ‘निर्ढावणं’ सर्वांत जवळचं वाटतं, कारण त्यात वेळ आहे. कुणी एका दिवसात निर्ढावत नाही.

२. फारोची गोष्ट मला फक्त समुद्र दुभंगण्यापुरती माहीत आहे. थोडक्यात सांगाल का?

इस्राएल लोक इजिप्तमध्ये गुलाम होते. विटा पाडायचं काम, वर मुकादमांचा मार. वंश वाढू नये म्हणून त्यांचे नवजात मुलगे नाईल नदीत टाकण्याचा हुकूम होता. देवाने त्यांच्यातल्या मोशे आणि त्याचा भाऊ अहरोन यांना फारोकडे पाठवलं: माझ्या लोकांना जाऊ दे. फारोने नकार दिला. मग एकामागून एक १० पीडा आल्या: पाण्याचं रक्त, बेडूक, उवा, गोमाश्या, गुरांवर मरी, गळवं, गारा, टोळ, अंधार, आणि शेवटी प्रथमजन्मलेल्यांचा मृत्यू. प्रत्येक पीडेनंतर फारोचं मन कठीण होतं किंवा केलं जातं. शेवटी तो सोडतो, मग पस्तावून रथ घेऊन पाठलाग करतो आणि समुद्रात सैन्य गमावतो. मोशे फारोसमोर उभा राहतो तिथपासून समुद्रापर्यंतचं सगळं निर्गमच्या ५ ते १४ या अध्यायांत आहे.

३. देवानेच त्याचं मन कठीण केलं, तर फारोचा दोष काय? आणि शिक्षा त्यालाच का?

सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. एका कॉलेजच्या मुलाने तो असा विचारला होता: “टीचर, हात बांधून पोहायला सांगायचं आणि बुडाला की फटकवायचं, असं नाही का झालं हे?” प्रश्न रास्त आहे. त्याला गप्प बसवणाऱ्यांचा मला राग येतो.

आधी मजकूर नीट पाहू. ४ ते १४ या अध्यायांत फारोच्या कठीण मनाचा उल्लेख २० वेळा येतो. त्यातल्या १० ठिकाणी कर्ता देव आहे. उरलेल्या १० ठिकाणी एक तर फारोने स्वतः मन कठीण केलं, किंवा नुसतं ‘त्याचं मन कठीण झालं’ एवढंच आहे. कोण आधी आणि कोण नंतर, ते महत्त्वाचं. पहिल्या पाच पीडांमध्ये एकदाही देवाने मन कठीण केल्याचं लिहिलेलं नाही. देवाच्या हाताचा उल्लेख प्रत्यक्ष घटनेत पहिल्यांदा येतो तो सहाव्या पीडेला, गळवांच्या वेळी (निर्गम ९:१२, म्हणजे अध्याय ९, ओळ १२). ११ व्या शतकातला यहुदी भाष्यकार राशी यानेही नेमकं हेच दाखवून दिलं आहे.

म्हणजे पाच वेळा दार उघडं होतं. बेडकांच्या पीडेनंतर तर कारणही लिहिलं आहे: जरा उसंत मिळाली असं पाहून फारोने मन कठीण केलं (८:१५). संकट असेपर्यंत विनवण्या, ते टळलं की शब्द मोडला. तुफानात होडी सापडल्यावर केलेले नवस किनारा लागला की विसरणारी माणसं आपण किनारपट्टीवरच्यांनी पाहिली आहेत.

आता जी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते ती. सहाव्या पीडेला देवाने मन कठीण केलं म्हणजे सगळं संपलं, असं धरलं तर सातवी पीडा कोड्यात टाकते. गारांच्या वेळी फारो म्हणतो, मी पाप केलं, परमेश्वर न्यायी आहे (९:२७). गारा थांबल्या की तो पुन्हा पाप करतो आणि मन कठीण करतो, आणि इथे कर्ता पुन्हा फारोच आहे (९:३४). देवाच्या कृतीनंतरही त्याला कबुली देता आली आणि ती मोडताही आली. हात बांधलेल्या माणसाचं हे वर्णन नाही.

तरी शेवटच्या पीडांत देवाची कृती ठळक होत जाते, हे मी नाकारत नाही. १२ व्या शतकातले यहुदी विद्वान मायमोनिदीझ यांनी तिचा अर्थ असा लावला: माणूस आपखुशीने इतकं मोठं पाप करू शकतो की पश्चात्तापाची वाट काढून घेतली जाणं हीच त्याची शिक्षा होते. अपराध आधीचा, मुलांना नदीत टाकण्याचा. कठीण झालेलं मन ही त्या अपराधाची शिक्षा आहे. अपराधाचं कारण म्हणून ते येत नाही. मला हे उत्तर कडक वाटतं, पण प्रामाणिक वाटतं.

४. पण पीडा सुरू होण्याआधीच, ४:२१ मध्ये, देव ‘मी त्याचं मन कठीण करीन’ म्हणतो. मग सगळं आधीच ठरलं होतं ना?

४:२१ आणि ७:३ या दोन ओळींमुळे वरचं उत्तर अपुरं वाटतं, खरं आहे. ‘देवाला पुढचं दिसत होतं, एवढंच’ असं काही जण म्हणतात. मला ती पळवाट वाटते, कारण देव ‘होईल’ म्हणत नाही, ‘करीन’ म्हणतो.

पण देव हे कुणाशी बोलतोय ते पाहा. मोशेशी. त्याला नकारावर नकार ऐकायचे आहेत, आणि प्रत्येक नकारानंतर त्याला वाटणार आहे की आपलं काम फसलं. ३:१९ मध्येच देवाने सांगून ठेवलं आहे की इजिप्तचा राजा सहजासहजी जाऊ देणार नाही. फारोचा हट्टसुद्धा देवाच्या हाताबाहेर नाही, असा हा मोशेला दिलेला धीर आहे. फारोला मात्र हे वाक्य कधीच ऐकवलं जात नाही. त्याला दर वेळी एकच गोष्ट ऐकू येते: लोकांना जाऊ दे.

५. देव मन कठीण ‘करतो’ म्हणजे प्रत्यक्षात काय करतो?

याला मी आमच्याकडच्या चिऱ्याचं उदाहरण देते.

मी लहान असताना आमचं घर बांधलं. बाबा मला चिरेखाणीवर घेऊन जायचे. खाणीतून नुकताच काढलेला जांभा ओलसर असतो, लाल-पिवळा, कापायला मऊ. खाणकामगार तो हत्याराने सरळ तासत असत. मी त्यावर खिळ्याने माझं नाव कोरलं होतं. तोच चिरा वारा-उन्हात पडून राहिला की टणक होत जातो. तीन वर्षांनी त्याच नावावरून मी खिळा फिरवून पाहिला, तर खिळ्याचं टोक वाकलं. उन्हाने बाहेरून आणून त्यात काही घातलं नव्हतं. लोह त्याच्यातच होतं. ऊन आणि वारा लागल्यावर ते घट्ट धरलं, इतकंच. शेजारी त्याच उन्हात आईने वाफ्यात लावलेलं वालीचं बी रुजून वर आलं होतं.

तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विद्वान ओरिगेन याने असंच सांगितलं होतं. एकच पाऊस मशागत केलेल्या जमिनीत पीक देतो आणि पडीक जमिनीत काटे. एकाच सूर्याने मेण वितळतं आणि चिखल वाळतो. फारोचं मन कठीण झालं ते देवाने पीडा थांबवल्यावर. सवलत मिळाली म्हणून तो निर्ढावला. नव्या करारातल्या रोमकरांस पत्र २:४-५ मध्ये येशूचा प्रेषित पौल हेच लिहितो: देवाची सहनशीलता पश्चात्तापाकडे नेण्यासाठी आहे, पण हट्टी माणूस तिच्याच जोरावर स्वतःसाठी क्रोध साठवतो.

दुसरी रीत याच पत्राच्या पहिल्या अध्यायात आहे. तिथे तीनदा म्हटलं आहे की देवाने त्यांना त्यांच्या वासनांच्या ‘स्वाधीन केलं’. धरलेला हात सोडला. तू जे मागतोस ते घे. हाही न्यायच, आणि मला तो आगपाखडीपेक्षा भीतीदायक वाटतो.

तिसरा अर्थ कमी लोकांना माहीत आहे. ‘हाझक’ म्हणजे बळ देणं. १६ व्या शतकातले इटलीतले यहुदी भाष्यकार स्फोर्नो म्हणतात की पीडांच्या निव्वळ वेदनेने फारो कोलमडला असता आणि मार चुकवायला ‘हो’ म्हणाला असता, तर तो पश्चात्ताप नव्हता. देवाने त्याला उभं राहण्याचं बळ दिलं, म्हणजे जे ठरवेल ते त्याचं स्वतःचं असेल. मला हा अर्थ संपूर्ण पटत नाही, पण प्रश्न ३ विचारणाऱ्यांनी तो जरूर मनात ठेवावा.

चिऱ्याची उपमाही एका जागी तोकडी पडते. चिऱ्याला इच्छा नसते.

६. फारो हट्टी होता, मान्य. पण इजिप्तच्या साध्या लोकांनी आणि लेकरांनी काय केलं होतं?

साध्या लोकांपुरतं बोलायचं तर पुस्तक त्यांना फारोच्या दावणीला बांधत नाही. गारांची आगाऊ सूचना मिळाल्यावर फारोच्याच सेवकांपैकी ज्यांनी परमेश्वराच्या शब्दाचं भय धरलं त्यांनी आपली माणसं आणि गुरं घरात आणली आणि ती वाचली (९:२०). टोळांच्या आधी दरबारी लोक राजाला तोंडावर विचारतात, देशाचा नाश झाला हे अजून तुम्हाला कळत नाही का (१०:७). आणि निघताना इस्राएलांबरोबर पुष्कळ परके लोकही गेले (१२:३८). एकाच राजवटीत, एकाच पीडेखाली काही मनं कठीण झाली आणि काही वळली.

लेकरांबद्दल मात्र मी सफाईदार उत्तर देणार नाही. ११:५ मध्ये जात्यावर दळणाऱ्या दासीच्या पहिल्या मुलाचाही उल्लेख आहे, आणि ती ओळ वाचताना आमच्या पडवीत कुणी बोलत नाही. बायबल त्याला न्याय म्हणतं. ज्या देशाने गुलामांचे मुलगे बुडवले त्या देशावर आलेला. पण त्या मरणाचा जल्लोष करू नये, हे ज्यांची ती सुटका होती त्या यहुदी परंपरेनेच शिकवलं. तालमुद या यहुदी ग्रंथात कथा आहे की इजिप्तचे लोक बुडत असताना देवदूत गायला निघाले तेव्हा देवाने त्यांना थांबवलं: माझ्या हातची निर्मिती बुडतेय आणि तुम्ही गाता?

हे आपल्यापासून लांबचं नाही. रेवदंडा, अलिबाग या पट्ट्यात बेने इस्राएल हा यहुदी समाज पिढ्यान्‌पिढ्या राहिला. तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम न करणारे, म्हणून शनवार तेली. त्यांच्यासाठी वल्हांडणाच्या, म्हणजे इजिप्तमधून सुटकेच्या सणाच्या, रात्री वाचायचा हग्गादा हा ग्रंथ १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापला गेला होता. यहुदी घरांमध्ये त्या रात्री १० पीडांची नावं घेताना प्रत्येक नावाला पेल्यातला एक-एक थेंब बाहेर काढायची रीत आहे. दुसऱ्याच्या दुःखाने आपला पेला तेवढा उणा.

७. हे सगळं जुन्या करारातलं. येशू तर असं काही बोलत नाही ना?

बोलतो. मार्क ३:५ मध्ये वाळलेल्या हाताच्या माणसाला शब्बाथ या यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी बरं करण्याआधी तो आजूबाजूच्या लोकांकडे रागाने पाहतो, आणि त्यांच्या कठीण मनाचं त्याला दुःखही होतं. राग आणि दुःख एकाच वाक्यात. न्याय करणाऱ्याचा चेहरा कसा असतो हे मला तिथे दिसतं.

आणखी एक: हा शब्द तो आपल्याच शिष्यांनाही लावतो. भाकरींचा चमत्कार पाहूनही तुम्हाला समजत नाही, तुमचं मन कठीण झालं आहे का, असं तो त्यांना होडीत विचारतो (मार्क ८:१७). कठीण मन म्हणजे परक्यांचा, नास्तिकांचा आजार, असं कुणी सांगत असेल तर त्याला हा अध्याय दाखवा.

दाखल्यांचा प्रश्न वेगळा आहे. ‘त्यांनी पाहून पाहू नये’ म्हणून येशू दाखल्यांतून बोलतो का? मार्क ४:१२ मध्ये ‘म्हणून’ असा हेतू येतो, तर मत्तय १३:१३ मध्ये ‘ते पाहत असूनही पाहत नाहीत, या कारणाने’ असं येतं. एक परिणामाकडून बघतो, दुसरा कारणाकडून. दोघांच्या मागे जुन्या करारातल्या यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा सहावा अध्याय आहे. तो पुढच्या प्रश्नात.

८. यशयाला देवाने लोकांची मनं कठीण करायलाच पाठवलं का?

यशया ६:९-१० शब्दशः वाचलं तर हो: या लोकांचं मन जड कर, कान मंद कर, डोळे मीट. पण त्याच पुस्तकात यशया लोकांना काय सांगतो? तो विनवतो. धुवा, शुद्ध व्हा, या, आपण वाद मिटवू. ज्याला दारं बंद करायला पाठवलं तो जन्मभर दारं ठोठावतो. म्हणून मी ती आज्ञा त्याच्या कामाचा होणारा परिणाम म्हणून वाचते: तू जितकं बोलशील तितके ते कान झाकतील.

त्याचा पहिला प्रश्नही विसरू नका: प्रभो, कुठवर? कठीणपणाला मुदत आहे हे त्याने गृहीत धरलं. उत्तरात शहरं ओस पडेपर्यंत असं येतं, पण शेवटी तोडलेल्या झाडाचा बुंधा उरतो आणि त्यात पवित्र बीज असतं.

९. रोमकरांस पत्र ९ मध्ये तर कुंभार आणि माती आहे. मातीने कुंभाराला विचारायचंच नाही, मग आम्ही प्रश्न कसे विचारायचे?

नववा अध्याय एकटा वाचणं हीच चूक. पौल ९, १० आणि ११ अशी एक सलग मांडणी करतो. प्रश्न असा: इस्राएलातल्या बहुतेकांनी ख्रिस्ताला स्वीकारलं नाही, तर देवाचा शब्द फोल ठरला का? फारो तिथे उदाहरणापुरता येतो. अकराव्या अध्यायात पौल सांगतो की हा कठीणपणा अंशतः आहे आणि काही काळापुरता आहे (११:२५). आणि शेवटी असा निष्कर्ष: देवाने सर्वांना आज्ञाभंगात कोंडलं ते सर्वांवर दया करावी म्हणून (११:३२). ज्याने नवव्यात ‘मन कठीण करतो’ लिहिलं त्यानेच हे लिहिलं.

आता कुंभार. पौलाच्या डोक्यात यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा १८ वा अध्याय आहे. तिथे कुंभाराच्या हातात भांडं बिघडतं, आणि तो त्याच मातीचं दुसरं घडवतो. लगेच देव म्हणतो की एखाद्या राष्ट्राविरुद्ध मी बोललो आणि ते वळलं तर मीही माझा विचार बदलीन. चतुर्थीच्या आधी आमच्या वाडीतल्या गणपतीच्या शाळेत जाऊन पाहा. ओल्या मूर्तीचा हात कलला तर मूर्तिकार पाणी लावून पुन्हा बसवतो. माती ओली आहे तोवर ती घडवणाऱ्याचं काम संपलेलं नसतं.

बारकाईने वाचणाऱ्यांसाठी आणखी एक. ९:२२-२३ मध्ये दयेची पात्रं देवाने ‘आधीच सिद्ध केली’ असं स्पष्ट आहे. क्रोधाची पात्रं मात्र ‘नाशासाठी सिद्ध झालेली’ आहेत. ती कुणी सिद्ध केली हे पौल लिहित नाही, आणि देवाने ती मोठ्या सहनशीलतेने सोसली एवढं लिहितो. ही असमानता मी अपघाती मानत नाही.

या अध्यायांचा एक दुरुपयोगही सांगायलाच हवा. ‘यहुद्यांची मनं देवाने कठीण केली’ असं म्हणत युरोपात ख्रिस्ती लोकांनी शतकानुशतकं यहुद्यांचा छळ केला. पौल तर ११:१८ मध्ये इतर राष्ट्रांतून आलेल्या ख्रिस्ती लोकांना बजावतो: फुशारकी मारू नकोस, मूळ तुला उचलून धरतं, तू मुळाला नाही.

१०. आमचे फादर एक सांगतात, पाळक दुसरं. खरं कोणतं?

भांडण जुनं आहे. प्राचीन ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टिनच्या मते देव दुष्टपणा घालत नाही, तो कृपा देत नाही तेव्हा मन कठीण होतं. १५२४ मध्ये कॅथलिक विद्वान इरास्मसने माणसाच्या इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने लिहिलं आणि १५२५ मध्ये प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने त्याला उत्तर दिलं. दोघांच्याही लिखाणात फारो आहे. प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनने देवाच्या निवडीवर भर दिला, आणि नेदरलंड्समधल्या डॉर्टच्या धर्मसभेने (१६१८-१९) ती बाजू पक्की केली. कॅथलिक मंडळीने ट्रेंटच्या परिषदेत १५४७ मध्ये सांगितलं की कृपा आधी येते, पण माणूस तिला नाकारू शकतो. मेथडिस्ट हा प्रोटेस्टंट पंथही ‘नाकारू शकतो’ याच बाजूचा.

दोन्हीकडे दोन गोष्टी समान आहेत. देव कुणाला पापाच्या मोहात घालत नाही (याकोब १:१३). आणि दुष्ट मरावा यात त्याला संतोष नाही (यहेज्केल ३३:११). या दोन्ही ओळी ज्या स्पष्टीकरणात बसतात ते तुमच्या मंडळीत ऐका, माझी हरकत नाही. न बसणारं स्पष्टीकरण कितीही विद्वान माणसाने दिलं तरी मी घेत नाही.

११. हे आपल्याकडच्या ‘विनाशकाले विपरीतबुद्धि’सारखंच झालं ना? की प्रारब्ध म्हणायचं?

शेजारच्या ताईंचा हा प्रश्न, आणि पहिल्या भागापुरती त्यांची तुलना चपखल आहे. १ शमुवेल २:२५ मध्ये एली या याजकाचे मुलगे बापाचं ऐकत नाहीत तिथे अगदी हाच सूर आहे. फरक असा की प्रारब्ध भोगून संपवायचं असतं, त्याच्याशी बोलता येत नाही. इथे निर्णय करणाऱ्याशी वाद घालता येतो, त्याला विनवता येतं, आणि तो ऐकून निर्णय फिरवतो. निनवे या शहराला नाशाआधी ४० दिवसांची मुदत होती. राजा सिंहासनावरून उठून राखेत बसला आणि शहर वाचलं. तो इशारा देणारा संदेष्टा योना याच गोष्टीने चिडला होता.

१२. सीहोन आणि कनानी राजे? त्यांना तर एकही पीडा, एकही संधी दिसत नाही.

जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातलं २:३० आणि ‘यहोशवा’मधलं ११:२० ही माझ्या मते या विषयातली सर्वांत अवघड ठिकाणं आहेत, फारोपेक्षा अवघड. हेशबोनचा राजा सीहोन याच्याकडे निदान इस्राएलांकडून शांततेचा निरोप गेला होता (अनुवाद २:२६). इस्राएल लोक पुढे ज्या कनान देशात शिरले तिथल्या राजांबद्दल मात्र स्पष्ट लिहिलं आहे की त्यांनी लढाईला यावं म्हणून परमेश्वराने त्यांची मनं कठीण केली.

उजेड मिळतो तो यहोशवाच्याच पुस्तकातल्या अपवादांतून. यरीहो या कनानी शहरातली राहाब इस्राएलांच्या हेरांना म्हणते की तुमच्याबद्दल ऐकून आमची मनं विरघळली (२:११). ‘विरघळणं’ हे कठीण होण्याच्या नेमकं उलट आहे. बातमी सगळ्या शहराने ऐकली होती. राहाबने खिडकीला लाल दोर बांधला. गिबोन या दुसऱ्या शहराच्या लोकांनी तर फसवणूक करून इस्राएलांशी तह केला, आणि तोही पाळला गेला. तरी ११:२० चा काटा बोथट होत नाही, आणि तो बोथट करायला मी जाणार नाही.

१३. ‘तूच आमचं मन कठीण का केलंस’ असं देवाला विचारणं पाप आहे का?

नाही. यशया ६३:१७ मध्ये देवाचे लोक हेच विचारतात, आणि ते प्रार्थनेत विचारतात. त्याच दमात म्हणतात: माघारी ये.

१४. मी वर्षानुवर्षं टाळत आलो. आता माझंच मन कठीण झालं असेल, उशीर झाला असेल, तर?

रात्री उशिरा येणारा प्रश्न हाच, आणि विचारणाऱ्याला आधी एवढंच सांगते: फारोने हे कधी विचारलं नाही. ज्याला आपल्या मनाच्या कठीणपणाची चिंता वाटते, त्याच्या मनाला अजून लागतं आहे. घट्टा पडलेल्या हाताला दोर काचत नाही.

‘क्षमा नसलेल्या पापा’ची भीती (मार्क ३:२९) घेऊन बरेच जण येतात. येशू ते अशा लोकांना म्हणाला जे डोळ्यांदेखत झालेलं भलं काम सैतानाचं म्हणत होते. क्षमा मागणाऱ्याला तो ते म्हणालेला नाही. रडून मागूनही ज्याला पश्चात्तापाला जागा मिळाली नाही त्या एसावाचं उदाहरण (इब्री १२:१७) देऊन कुणी घाबरवलं तर मनश्शे राजाची गोष्ट वाचा: ज्याने स्वतःची मुलं अग्नीत घातली, यरुशलेम निष्पापांच्या रक्ताने भरलं, त्याने कैदेत प्रार्थना केली आणि देवाने ती ऐकली (२ इतिहास ३३). आणि यहेज्केल ३६:२६: मी तुमचं दगडाचं हृदय काढून मांसाचं हृदय देईन. चिरा पुन्हा मऊ होत नाही हे मला माहीत आहे. हे वचन मला म्हणूनच लागतं.

एक व्यावहारिक सांगणं. स्तोत्र ९५ म्हणतं, आज त्याची वाणी ऐकाल तर मन कठीण करू नका. इब्री लोकांस पत्र त्या ‘आज’वर अडून बसतं आणि म्हणतं की ‘आज’ म्हटलं जातं तोवर दररोज एकमेकांना बोध करा (३:१३). एकट्याने हे होत नाही. कुणालातरी सांगा, मला सांगितलंत तरी चालेल.

१५. माझा भाऊ काही ऐकतच नाही. देवाने त्याचं मन कठीण केलंय असं समजून सोडून देऊ का?

बाबा आणि माझे काका काजूच्या सहा झाडांवरून आणि एका बांधावरून १९ वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. एकच अंगण, मध्ये कवाथ्यांची, म्हणजे लहान माडांची, रांग. माझी आजी काकांबद्दल म्हणायची, “तेच्या काळजाचो चिरो झालो.” बाबा त्यावर बायबलमधला फारो काढायचे. काकांच्या घरातही फारो निघत असे, फक्त तिथला फारो माझे बाबा होते. बाबा गेले तेव्हा काका पायरीवर येऊन उभे राहिले आणि आत आले नाहीत. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेले. त्यांनी तो घेतला, प्यायले नाहीत, हातात धरून बराच वेळ तसेच उभे होते.

अमक्याचं मन देवाने कठीण केलं, असा निर्वाळा बायबलमध्ये देव देतो किंवा त्याचा संदेष्टा. भाऊ भावाबद्दल तो देत नाही. मोशेने तर फारोसाठी चार वेळा प्रार्थना केली: बेडकांच्या वेळी, गोमाश्यांच्या, गारांच्या आणि टोळांच्या. त्यातली शेवटची, देवाने आपल्याला आधीच ‘मी त्याचं मन कठीण केलं आहे’ असं सांगितल्यानंतरची (१०:१ आणि १०:१८). तेव्हा सोडून देऊ नका. फोन करा, नाही उचलला तर पुन्हा करा.

१६. मला हे सगळं स्वतः वाचायचं आहे. सुरुवात कुठून करू?

निर्गम ५ ते १४ एका बैठकीत वाचा, तासाभराचं काम आहे. हातात दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. जिथे देव मन कठीण करतो तिथे एक रंग, जिथे फारो करतो किंवा ते नुसतं ‘होतं’ तिथे दुसरा. मग रोमकरांस पत्र ९ ते ११, मध्ये न थांबता. शंका आल्या तर समासात लिहून ठेवा आणि बुधवारी घेऊन या. पावसाळ्यात सहाला सुरू करतो, एरवी साडेसहाला.